उजवा दिलान

ज्ञानेश्वरीनं नववीत शाळा सोडली ती एका जागी बसवत नाही म्हणून. बाकावर टेकलं की पायात मुंग्या आणि डोक्यात राग. गुरुजींनी एकदा तासभर उभं राहायची शिक्षा दिली, तर ही खूशच झाली. आणि शाळा सोडून नशिबी आलं काय, तर भागोजीकाकाची वडापची, सीटवर माणसं भरून नेणारी मॅजिक गाडी. हातखंब्याच्या अलीकडच्या वाडीतून रोज लांज्याला काजूच्या कारखान्यात जायचं, म्हणजे रोज हायवेवर बसायचं. चौपदरीकरण सुरू झालं तेव्हा ती दोन वेण्या घालून पहिलीत जात होती. आता तिचं मतदार यादीत नाव आलं, रस्ता अजून अर्धाच.

पुढच्या सीटवर काकाच्या शेजारची जागा तिची. तिथं दुसरं कुणी बसायला धजत नसे, कारण वाकडी घुसलेली गाडी दिसली की ज्ञानेश्वरी कमरेपासून वर सगळी खिडकीबाहेर असायची. समोरच्याच्या गाडीचा नंबर, त्याचं शिक्षण आणि त्याला गाडी शिकवणारा, तिघांचा उद्धार ती एका श्वासात करी. काका नुसता म्हणायचा, आत घे गो मान, आरसा दिसत नाय.

त्या दिवशी तर तिचं डोकं घरूनच तापलेलं होतं. शिमगा तोंडावर आलेला. पालखी नाचवायला मुंबईहून गावाकडं निघालेले सगळे चाकरमानी एकदम रस्त्यावर. टपावर बोजे, मागच्या काचेत पोरं, पोरांच्या तोंडात पिपाण्या. आणि नेमका त्याच दिवशी तिला कारखान्यात वेळेत पोचायचं होतं.

कारखान्यात तिचं काम काजू फोडायचं. काजूबीच्या टरफलातलं तेल असलं जहाल की बोटं काळी पडतात आणि वर सोलवटतात. राख चोळा नाहीतर खोबरेल लावा, काळं ते काळंच. आतल्या खोलीत मात्र पंख्याखाली एक लांब टेबल होतं. तिथं बसून काजू निवडायचे. अख्खा इकडं, पाकळी तिकडं, तुकडा वेगळा, कणी खालच्या ताटात. त्या टेबलावरच्या बायकांची बोटं अशी की बांगडी भरायला बसल्यासारखी पुढं करून बोलत. त्यातली एक लग्न होऊन चिपळूणला गेली आणि एक जागा रिकामी झाली. मागणाऱ्या दोघी, ज्ञानेश्वरी आणि शमिका. सुपरवायझर करुणा मॅडमना भांडणं मिटवायचा कंटाळा. त्यांनी सांगून टाकलं, उद्या जी वेळेत येईल तिचं टेबल.

हा न्याय झाला का? शमिकाचं घर कारखान्याच्या इतकं जवळ की तिच्या आईनं कढईत मिरची टाकली की इकडं फोडणाऱ्या बायका शिंकतात. ज्ञानेश्वरीच्या आणि टेबलाच्या मध्ये मात्र अख्खी मुंबई पसरलेली. "तू ये हां आरामात," असं शमिका आदल्या दिवशी म्हणाली होती. ते "आरामात" ज्ञानेश्वरीच्या डोक्यात रात्रभर वाजत होतं.

आता भागोजीकाकाचं सांगायला पाहिजे. काकाला देवाला विचारल्याशिवाय काही सुचत नसे. टायर बदलायचे, कौल. विहिरीचा गाळ काढायचा, कौल. एकदा दाढी ठेवू का म्हणून विचारायला निघाला होता, सहदेव गुरवानं हात जोडून परत पाठवला. ग्रामदेवतेच्या पाषाणाला गुरव दोन्ही बाजूंना कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या लावतो. उजवीकडचा पडला तर काम होणार, डावीकडचा पडला तर विषय संपला. उजवा म्हणजे होय, डावा म्हणजे नाय. याच्यापुढं देव बोलत नाही आणि तेवढ्यावर काकाची गाडी चालते.

त्या सकाळी काकाची बायको तुळसाकाकी फुलांची परडी घेऊन देवळाकडं निघालेली. काकानं गाडी सुरू केली आणि मान बाहेर काढून ओरडून सांगितलं, "देवाला जरा आजचं इचार गो."

"इचारते," काकी म्हणाली आणि गेली.

काय विचारायचं हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. फक्त दोघांचं वेगवेगळं होतं.

काकाच्या डोक्यात रस्ता. हातखंबा ओलांडून थोडं पुढं गेलं की रस्त्याला दोन फाटे फुटतात. डावीकडं जुना खड्ड्यांचा रस्ता, उजवीकडं नव्या पुलाची चढण. एक दिवस हा चालू, एक दिवस तो. पाटी असते, पण ती कालची. चुकीच्या फाट्याला घुसलात तर दुपारचा डबा गाडीतच उघडायचा.

तर गाडी फाट्याच्या अलीकडं येऊन जी चिकटली ती चिकटली. मागच्या सीटवर लांज्याच्या शाळेतले राजेंद्र सर मोबाईलमध्ये नकाशा बघत होते. नकाशातला रस्ता मिरचीसारखा लाल. सर म्हणाले, ही बाई डावीकडं वळा म्हणते. काका म्हणाला, बाई कुठली? सर म्हणाले, मोबाईलमधली. काका म्हणाला, तिला आमचा रस्ता काय माहीत, ती एसीत बसून बोलते.

ज्ञानेश्वरीचं चालूच होतं. पुढचा टेंपोवाला दोन हात सरकला नाही म्हणून तिनं त्याला विचारलं, लग्नाचं वऱ्हाड यायचंय काय मागनं? शेजारच्या गाडीतल्या पोरानं तिच्या तोंडावर पिपाणी वाजवली, तिनं हात घालून पिपाणी काढून घेतली आणि परत त्याच्याच कानात वाजवली. पोराची आई काही बोलणार होती, पण ज्ञानेश्वरीचं तोंड बघून तिनं काच वर घेतली.

फाटा आला. डावीकडं गाड्या अशा खच्चून भरलेल्या की मुंगीनंही पाय आखडून घ्यावे. उजवीकडची चढण स्वच्छ, मोकळी, ताज्या सिमेंटची. दोन पिंपं आडवी ठेवलेली, पण त्यांच्यामधून एक गाडी सहज जाईल इतकी फट. आणि नेमका तेव्हा ज्ञानेश्वरीचा फोन वाजला. काकी. देवळाजवळ रेंज लागते ती एका दगडावर उभं राहिलं तर.

"उजवा दिलान गो बाय," काकी ओरडली. "चोख उजवा. बेधडक..."

आणि रेंज गेली.

"काका, उजवा," ज्ञानेश्वरी म्हणाली.

काकानं स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला आणि गाडी उजवीकडं घातली. सर मागून म्हणाले, अहो पण पिंपं आहेत. काका म्हणाला, पिंपं माणसांनी ठेवली. सरांनी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली.

आणि मग काय झालं, तर मॅजिक वळली तशी मागची पांढरी गाडी वळली. मॅजिक लोकल गाडी, यांना आतलं माहीत असणार, असा पांढरीवाल्याचा हिशेब. पांढरीला बघून लाल वळली, लालला बघून एक ट्रॅव्हलर, तिच्यामागं मोटारसायकली, टेंपो, रांगच लागली. ज्ञानेश्वरीला त्या रस्त्यावर जन्मात पहिल्यांदा तोंडावर वारा लागला. खाली जुन्या रस्त्यावर अडकलेली माणसं मान वर करून बघत होती. तिनं त्यांना हात हलवला. मग न राहवून जीभ पण दाखवली. टेबल तिला दिसायला लागलं होतं, आणि शमिकाचं तोंडही.

मग पूल संपला.

म्हणजे पूल म्हणून जेवढा केला होता तेवढा संपला. पुढं सिमेंटमधून बाहेर आलेल्या सळ्या, विंचरायच्या राहिलेल्या केसांसारख्या. त्याच्यापुढं नुसती हवा. खाली एक आंब्याचं झाड, त्याच्या कैऱ्या इतक्या वरून कुणी बघितल्या नसतील. काकानं ब्रेक मारला आणि दोन्ही हात जोडले, देवाला की रस्त्याला ते कळलं नाही. मागं हॉर्नचा एकच कालवा. सरांच्या मोबाईलमधली बाई शांतपणे म्हणाली, शक्य असेल तेव्हा यू-टर्न घ्या.

ज्ञानेश्वरीनं फोन लावला. या वेळेला काकी नेमकी दगडावर होती.

"कसला उजवा दिलान तुझ्या देवानं?" ज्ञानेश्वरी म्हणाली. "हितं रस्ताच नाय."

"रस्ता कुठला गो? मी रस्त्याचं कशाला इचारू? मी इचारलं, आमच्या पोरीला आज टेबल मिळल काय. उजवा दिलान."

फोन स्पीकरवर होता.

"अगो, आजचं इचार म्हटलं ते रस्त्याचं," काका हळूच म्हणाला.

"मग रस्ता म्हण की. तोंडात काय सुपारी होती?" काकी म्हणाली आणि रेंज तिनं स्वतःच घालवली.

ज्ञानेश्वरी खाली उतरली. तिला रडू येत होतं, आणि रडू यायला लागलं की तिला राग येतो. टेबल गेलं. शमिका आता पायरीवर बसून नखं बघत असणार. मागं बघितलं तर चाकरमानी गाड्यांतून उतरून एकमेकांवर ओरडत होते. प्रत्येक जण दुसऱ्याला मागं घ्यायला सांगत होता, आणि आपली गाडी मागं घेणारा एकही नव्हता. एक जण व्हिडीओ काढत होता. एकानं चटई अंथरून पोरांना पोळीभाजी द्यायला काढली होती.

ते बघून तिचं टाळकंच सटकलं. ती कठड्याशी पडलेल्या एका रिकाम्या पिंपावर चढली आणि खिडकीतून वापरायचा तो आवाज तिनं पूर्ण सोडला. आंब्यावरचे कावळे उडाले.

आधी सगळ्यात शेवटचा मागं जाणार, तो गेल्याशिवाय दुसऱ्यानं गिअरला हात लावायचा नाही, असं तिनं बजावलं. मग एकेका गाडीकडं बोट दाखवत सुटली. ट्रॅव्हलर आणि टेंपो अख्खे, त्यांना इथं वळता येणार नाही, तसेच सरळ मागं. मोटारसायकली कणी, त्यांनी कठड्याला चिकटून आधी बाहेर पडायचं. कार त्या पाकळ्या, त्यांनी जागच्या जागी वळायचं. तिला दुसरे शब्द सुचलेच नाहीत, हातातोंडाला तेच बसलेले.

पांढऱ्या गाडीवाल्यानं काळा चष्मा वर केला. "ओ ताई, पाकळी म्हणजे?"

"म्हणजे अर्धवट. वळ."

तो वळला. सगळेच वळायला लागले. जो मध्ये घुसायला बघे त्याच्या नावानं ती असं काही बोले की त्याची बायकोच आतून त्याला म्हणे, ऐका हो तिचं. पाहता पाहता पूल मोकळा होत आला. फक्त एक छोटी निळी गाडी मध्येच उभी. ज्ञानेश्वरी पिंपावरून उडी मारून गेली आणि बॉनेटवर थाप मारून म्हणाली, "तुमचा काय तुकडा पडलाय काय?"

काच खाली आली. आत करुणा मॅडम.

ज्ञानेश्वरीची थाप मारलेली बोटं बॉनेटवरच राहिली.

"मॅडम, तुम्ही हिकडं कशा?"

"तुमची गाडी वळली म्हणून," मॅडम म्हणाल्या. "म्हटलं, रोजचे आहेत, यांना ठाऊक असणार."

तेवढ्यात काका धावत आला आणि देवाची चूक नाही हे पटवायला त्यानं कौलाची सगळी हकिकत मॅडमना ऐकवली. करुणा मॅडमच्या घरात कुणी कधी कौल लावला नव्हता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ओठ घट्ट मिटून, हसू बाहेर पडू नये म्हणून.

"म्हणजे उत्तर सगळ्यांनी ऐकलं, प्रश्न कुणीच ऐकला नाही," त्या म्हणाल्या. मग ज्ञानेश्वरीकडं बघून, "माझी गाडी कशात?"

"पाकळी, मॅडम," ज्ञानेश्वरी जमिनीकडं बघत म्हणाली.

"बरं. वळवते."

लांज्याला पोचेपर्यंत ऊन चांगलंच वर आलेलं. कारखान्याच्या दाराला कुलूप, कारण किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. सगळ्या बायका अंगणात फणसाच्या सावलीला, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर, दाराला पाठ लावून, शमिका. ती उठली आणि मॅडमना म्हणाली, मी कधीची आले, वेळेत.

मॅडमनी कुलूप काढलं. मग वळून म्हणाल्या की वेळेत तर आज त्या स्वतःही आल्या नाहीत, तेव्हा वेळेचं आज बाजूला ठेवू. पुलावर गाड्यांचं जसं निवडणं त्यांनी बघितलं तसं पंख्याखाली काजूंचं अजून बघितलं नाही. टेबल ज्ञानेश्वरीचं, आणि पुढची जागा रिकामी होईल ती न बोलता शमिकाची. पुलावर त्या कुणाच्या मागून गेल्या, ते मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, आणि ज्ञानेश्वरीकडं असं बघितलं की तिनंही सांगायचं नाही हे तिला कळलं.

"देवाकडनं वशिला लावलास काय गो?" शमिका तिच्या कानाशी म्हणाली.

ज्ञानेश्वरी तशीच नळाकडं वळली. वशिला लावला होता की नव्हता, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

तिनं लिंबू लावून हात धुतले आणि टेबलावर जाऊन बसली. पंखा थंडगार. काजू पांढरेशुभ्र. अख्खा इकडं, पाकळी तिकडं. थोडा वेळ तिला वाटलं, सुख म्हणतात ते हेच. मग पायात मुंग्या आल्या. तिनं पाय बदलला. टेबलावर ताट सरकत सरकत एकीकडून दुसरीकडं यायचं, आणि तिच्या पुढं बसलेल्या येसूबाई प्रत्येक काजू उचलून, उजेडाला धरून, नवरा पसंत करावा तसा न्याहाळत होत्या. त्यांच्या पुढ्यात ढीग, त्यांच्या पलीकडं सगळं रिकामं, आणि ज्ञानेश्वरीचं ताट मागं तटलेलं.

ती आधी घसा खाकरली. मग टेबलावर बोटं वाजवली. मग ती कमरेपासून वर सगळी टेबलावर आडवी झाली आणि तिचा हात येसूबाईंच्या डावीकडून पुढं निघाला.

"ज्ञानेश्वरी," आतल्या केबिनमधून मॅडमचा आवाज आला. "इथं ओव्हरटेक नाही."