नऊ नंबरच्या हिरवळीखाली

दुसऱ्याच्या जमिनीवर मशीन फिरवायचं तर आधी दार ठोठावायचं, हा आम्हा धातू शोधणाऱ्यांचा पहिला नियम. तेही दिवसाउजेडी, धुतलेल्या कपड्यांत आणि मशीन गाडीत ठेवून. हातात फावडं घेऊन दारात उभं राहिलं की लोक आधी पोलिसांना फोन करतात. जे सापडेल ते मालकाला दाखवायचं, अर्धं त्याचं म्हणायचं आणि जाताना खड्डा कुठे होता हे कुणाला ओळखू येता कामा नये. या नियमांवर मी यॉर्कशरमधल्या कितीतरी खडूस शेतकऱ्यांकडून होकार मिळवलाय. कुत्री अंगावर सोडणारेही भेटले. पण मला दारातूनच हाकललं ते रॉय स्टॅन्क्लिफने, आणि तेसुद्धा ज्या नऊ नंबरच्या घरात मी लहानाची मोठी झाले त्या घराच्या दारातून.

"मागच्या बागेत तासभर मशीन फिरवायचंय," मी म्हटलं. "गवताला कळणारसुद्धा नाही."

"विल्फ ऑग्लीची पोरगी ना तू?"

"मी कोण ते तुम्हाला चांगलं माहीत आहे, मिस्टर स्टॅन्क्लिफ."

लहानपणी मी त्यांना रॉयकाका म्हणायचे. ते सोडून चाळीस वर्षं झाली.

"मग ऐक, लिनेट. संपफोड्याच्या पोरीचं फावडं या हिरवळीला लागणार नाही. आणि पाय खाली घे. पायरी आत्ताच धुतलीय."

मी पाय खाली घेतला नाही. दार माझ्या नाकासमोर बंद झालं तेव्हा माझा बूट पायरीवरच होता, आणि निघताना तो मी तिथे नीट घासून आले. आठवलं की अजून बरं वाटतं.

आता बिल्ल्याचं सांगते. आमच्या हॅगथॉर्पच्या कोळसा खाणीत प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला असे, त्यावर खाणीचं नाव आणि ज्याचा त्याचा नंबर. कामावर आलं की तो दिव्यांच्या खोलीत द्यायचा, तेव्हा दिवा मिळायचा आणि मगच लिफ्टसारख्या पाळण्यातून खाली जायचं. बिल्ला नाही तर खाण नाही. खाली काही झालं तर कोण आत अडकलंय ते या बिल्ल्यांवरूनच कळायचं, म्हणून माणसं त्याला लग्नाच्या अंगठीपेक्षा जपायची. माझ्या बाबांचा नंबर सहाशे चौदा होता.

चौऱ्याऐंशीचा संप सुरू झाला त्या आठवड्यात बाबांनी मागच्या बागेत कपडे वाळत घालायचा नवा लोखंडी खांब रोवला. जुना खांब धडधाकट होता. आई ओरडली, पगार बंद झालाय आणि तुम्हाला सिमेंट कालवायची हौस सुटलीय. बाबा सिमेंट कालवत राहिले. मी अठरा वर्षांची होते, मला तर ते वेडेपण वाटलं.

वर्षभर संप चालला. आई आणि रॉयची बायको एडना मावशी खाणकामगारांच्या वेल्फेअर क्लबात बटाटे सोलून शेकडो माणसांचं जेवण रांधायच्या. हिवाळ्यात काहीजण फुटले. जाळीच्या खिडक्यांच्या बसमधून, तोंडं झाकून कामावर जायला लागले. शेवटी संप हरला आणि उरलेले सगळे युनियनचं निशाण पुढे धरून, बँड वाजवत, मान ताठ ठेवून खाणीत परत गेले. माझे बाबा त्या मिरवणुकीत नव्हते. त्या दिवशी गेले नाहीत, नंतरही कधी गेले नाहीत.

मग लोकांना काय, निष्कर्ष तयारच होता. विल्फला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणजे बसमध्ये तोही होता. हे पहिल्यांदा रॉय बोलला. तो आमच्या खाणीत युनियनचा माणूस होता, त्याचा शब्द म्हणजे छापील. क्लबात बाबांच्या ग्लासात कुणीतरी थुंकलं. खाणीतलं काम सोडल्यावर खाणी चालवणाऱ्या सरकारी कोळसा बोर्डाचं घरही गेलं, आणि काही महिन्यांनी त्याच घरात स्टॅन्क्लिफ मंडळी राहायला आली. बाबा पुढची सगळी वर्षं वाटाण्याच्या कारखान्यात पहारेकरी होते. रोज क्लबावरून, मुद्दाम त्याच रस्त्याने, नाकावर टिच्चून चालत जायचे. कुणाला एका शब्दाने खुलासा दिला नाही.

या वसंतात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की बाबांचे आता फार दिवस नाहीत. आमच्याकडे खाणकामगार गेला की शवपेटीपुढे युनियनचं निशाण चालतं. आणि निशाण क्लबात, रॉयच्या ताब्यात. विल्फ ऑग्लीपुढे ते चालणार नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी बाबांच्या खाटेशी बसून रडले, आणि रडताना निशाणाचं बोलूनही गेले.

"निशाण त्यांचं त्यांना लखलाभ," बाबा म्हणाले. "माझा बिल्ला खांबाखाली आहे."

"कुठल्या खांबाखाली?"

"आईच्या कपड्यांच्या. सिमेंटात. शपथ घेतली होती, जिंकल्याशिवाय काढणार नाही. जिंकलो नाही. मग कसा काढणार?"

या माणसाने हरल्यावरही शपथ मोडली नाही, म्हणून मिरवणुकीत गेला नाही, म्हणून संपफोड्या ठरला. मला इतका राग आला की उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"बारा वर्षं ज्यांच्या शेजारी कोळसा काढला, त्यांना पितळ दाखवून पटवू? त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं?"

तर हे उजेडात आणायला मी रॉयच्या दारात गेले होते. खांब केव्हाच गेला होता. रॉयने तो जमिनीलगत कापून वर गवत लावलं होतं, शेड हलवली होती, बाग सपाट केली होती. जागा शोधायला मशीन हवं आणि मशीनला परवानगी हवी. रात्री भिंतीवरून उडी मारणारे आमच्यातही आहेत. आम्ही त्यांना चोर म्हणतो. आणि बाबांचं नाव मी चोरी करून धुणार नव्हते.

त्या रात्री रॉयचं ते पेटंट वाक्य मला आठवलं. क्लबात एखादा नवा माणूस दिसला की तो ऐकवायचाच: बोर्डाने घरं कवडीमोलाने विकली, पण मी त्यांच्याकडून एक वीटही विकत घेतली नाही, आयुष्यात घेणार नाही. सगळं गाव माना डोलवायचं. मीसुद्धा ऐकलं होतं, आणि नऊ नंबरला तो भाड्याने राहतो असंच धरून चालले होते. पण कुणी भाडेकरू अशी हिरवळ राखतो का? आणि जमीन दुसऱ्याची असेल तर नाही म्हणणारा हा कोण? परवानगी नेहमी खऱ्या मालकाची घ्यायची, हा आमचा दुसरा नियम.

सकाळी पुन्हा दार ठोठावलं.

"कालचं कमी पडलं का?" रॉय म्हणाला.

"मला घरमालकाला भेटायचंय."

"समोर उभा आहे तो."

"तुम्ही?" मी जरा मोठ्यानेच म्हटलं. "बोर्डाकडून घर विकत घेतलंत तुम्ही? क्लबात ठाऊक आहे का?"

रॉयचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. हो म्हणावं तर चाळीस वर्षांची फुशारकी खोटी, आणि नाही म्हणावं तर दारात अडवायचा हक्क गेला. मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

"मालक मी आहे," आतून आवाज आला. एडना मावशी टॉवेलला हात पुसत पुढे आली. "शिवणकामाच्या कारखान्यात बोटं फोडून घेतलंय मी हे घर. ह्यांची तत्त्वं होती ना, म्हणून माझ्या एकटीच्या नावावर. काय शोधायचंय, पोरी?"

"बाबांचा बिल्ला."

"एडना, तू मध्ये पडू नकोस," रॉय म्हणाला.

"मध्येच तर पडले नाही इतकी वर्षं. हिची आई आणि मी एका पातेल्यावर उभ्या होतो, रॉय. तिच्या मातीला मी गेले नाही, तुझं ऐकून. आता बाजूला हो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आण तुझं मशीन. सगळी बाग उलथलीस तरी चालेल."

"उलथणार नाही, मावशी. गवत मोडणार नाही."

रॉय पाठीमागे हात बांधून पायरीवर उभा राहिला. मी कानावर हेडफोन चढवले. खाणीच्या घरांची बाग म्हणजे कचऱ्याची खाण: खिळे, शिशाचे तुकडे, बाटल्यांची झाकणं. लोखंड खाली असलं की मशीन जाडाभरडा आवाज काढतं आणि त्याखाली बाकी सगळं दबून जातं. पितळेचा आवाज बारीक आणि गोड असतो. पक्ष्यांना पाणी ठेवायच्या दगडी भांड्याजवळ लोखंड घुरघुरायला लागलं. कापलेल्या खांबाचा बुंधा. मी तिथेच गुडघे टेकले, कडेकडेने, बोटभर सरकत, उलटसुलट दिशांनी मशीन फिरवत राहिले. घुरघुरीच्या आडून एकदाच बारीक आवाज आला. मग दुसऱ्यांदा आला, त्याच जागी.

गवत आम्ही तीन बाजूंनी कापतो. चौथी बाजू तशीच ठेवून पुस्तकाच्या पानासारखं उलटायचं, म्हणजे मुळं जगतात. मी तसं उलटलं, हाताने माती सारली, बाटलीतलं पाणी ओतलं. करडं सिमेंट दिसलं. त्यात अर्धा रुतलेला, काळवंडलेला पितळी बिल्ला. अंगठ्याने घासला तेव्हा सहाशे चौदा वाचता आलं. बाजूला ओल्या सिमेंटात खिळ्याने ओरखडलेलं साल होतं, चौऱ्याऐंशी.

मी बाजूला झाले. एडना मावशीने वाकून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. रॉय आला, गुडघे दुखत असतानाही खाली बसला. त्याने बोट त्या नंबरावर ठेवलं.

"दुसरा घेतला असेल त्याने," तो म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

"हरवलेल्या बिल्ल्याच्या जागी नवा द्यायचा तर युनियनच्या माणसाची सही लागायची," एडना मावशी म्हणाली. "बसमधून फुटून आलेल्यांनासुद्धा. त्या सह्या द्याव्या लागतात म्हणून तू कितीदा भांडलास ते मी या कानांनी ऐकलंय. विल्फसाठी केलीस कधी?"

रॉय गवताची कड चाचपत राहिला. मीच म्हटलं, "उत्तर द्या ना."

"नाही," तो म्हणाला. "कधीच नाही."

मी माती परत ओढली, गवताचं पान मिटलं, हाताने दाबलं. कुठे कापलं होतं ते दिसेना. घरी जाऊन बाबांना सांगितलं तर ते उशीवरून उठायला बघू लागले.

"काढलास? कुणाला विचारून?"

"काढला नाही बाबा. नुसता दाखवला. आहे तिथेच आहे."

"मग ठीक," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

रविवारी दुपारी आमचं दार वाजलं. बाहेर रॉय होता, कोट घालून, टोपी हातात घेऊन. पाऊस पडून गेला होता आणि त्याचे बूट चिखलाने भरले होते. बाबांची खाट दिवाणखान्यात हलवली होती, तिथून थेट दारापर्यंत दिसत होतं. मला त्याला तसंच उभं ठेवायचं होतं, संध्याकाळपर्यंत. पण दार बाबांचं होतं, म्हणून मी बाजूला झाले.

"विल्फ," रॉय म्हणाला, "निशाण तुझ्यापुढे चालावं असं... मला ते स्वतः धरायचंय. चालेल का?"

"मी अजून मेलो नाहीये."

"ठाऊक आहे. म्हणून तर विचारायला आलो."

रॉय टोपी फिरवत राहिला, एकदा माझ्याकडे पाहिलं, मी मुळीच मदत केली नाही.

"आत येऊ का, विल्फ?"

बाबांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे पाहिलं.

"पाय पुसून ये," ते म्हणाले.