रिकामा परत आलेला डबा

जरा इकडं बघा, ओट्याच्या कडेला. पांढरा, काठावर निळी रेघ, एका कोपऱ्यात टवका उडालेला. हो, तोच मी, इनॅमलचा डबा. झाकण बाजूला आहे तोवर सांगून घेतो, कारण ते एकदा बसलं की माझं तोंड बंद.

जन्म कोरियातल्या बुसानचा. लोखंडी पत्र्याला चौकोनी आकार दिला, पांढऱ्या मुलाम्यात बुडवलं आणि भट्टीत घातलं. दोनदा. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आता वाटतं, बरं झालं, नाहीतर कोबीच्या तिखट लोणच्यापुढं, किमचीपुढं, मी चार दिवस टिकलो नसतो.

माझी आत्ताची मालकीण युनोक. तिच्या आईनं मला बाजारातून आणलं. त्या चढावरच्या गल्लीत मी कधी कुणाकडं असायचो ते मलाही ठाऊक नसे. लोणचं घालून धाडायचं, पलीकडच्यांनी खायचं आणि आठवण झाली की दारातूनच ओरडायचं, "अगं, डबा घे गं!" बहुतेक वेळा मी रिकामाच परत येई. युनोकची आई आत डोकावून खूश व्हायची. "पुसून खाल्लंय. आवडलं वाटतं!"

आई गेली, मी युनोककडं आलो. युनोकचे यजमान पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक. बुसानच्या मंडळीनं, म्हणजे त्यांच्या चर्चनं, दोघांना समुद्रापलीकडं जपानात पाठवलं, तोयामाजवळच्या एका बंदराच्या गावी, जिथं एकही चर्च नव्हतं. तीन वर्षं प्रयत्न करा म्हणाले. तिसऱ्या वर्षाच्या ईस्टरपर्यंत गावातलं एक तरी माणूस उपासनेला बसायला हवं, नाहीतर परत या. पत्र मायेचं होतं, पण अट अट होती.

जागा मिळाली ती केशकर्तनालयाची. मालकीण कुसाकाबाई, मागच्या दारी राहणाऱ्या, तेव्हा पंच्याहत्तर वर्षांच्या, जिभेनं अस्सल वस्तरा. नवरा न्हावी होता. तो गेल्यापासून दुकान बंद. खुर्च्या काढल्या होत्या, पण एक खुर्ची जमिनीतून निघेना म्हणून तशीच राहिली. दाराशी न्हाव्याच्या दुकानाची खूण, तो तांबडा-पांढरा-निळा खांबही राहिला. त्यामुळं पहिल्या महिन्यात उपासनेला दोघं आले ते केस कापायला. पाळक मिन यांनी एकाच्या हातात प्रेमानं गीतांचं पुस्तक दिलं. तो थेट त्या खुर्चीत जाऊन बसला आणि म्हणाला, "मागून जरा बारीक करा."

नंतर पाळकांनी स्टेशनासमोर कागदी रुमालांची पाकिटं वाटली. आत येशूच्या सुवार्तेची चिठ्ठी. वसंतात देवदाराचा पराग उडतो, सगळं गाव शिंकत असतं. पाकिटं भराभर संपली! लोकांनी वाकून आभार मानले, नाकं पुसली आणि चिठ्ठ्या नीट घडी करून परत आणून दिल्या. हो, वाया नको जायला.

गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष होरिगोमे. सज्जन माणूस. ते पाळकांना म्हणाले, "देवाचं आमचं काही भांडण नाही हो. नव्या वर्षाला देवळात जाऊन घंटा वाजवतो. मुलीचं लग्न चर्चसारख्या हॉलात केलं, फोटो छान येतात. मेल्यावर भिक्खू येऊन मंत्र म्हणतील. सगळी सोय झालेली आहे. आता आणखी एक कुठं बसवायचा?"

पाळक हसले. युनोक हसली नाही. तिनं मनात नेम धरला, दर शनिवारी एका घरी डबा द्यायचा. पहाटे पाचला उठून प्रार्थना, मग कोबी, मीठ, तिखट, लसूण. मला भरताना पुटपुटायची, "प्रभो, हे ज्या घरी जाईल तिथलं दार उघड."

दार उघडायचं. त्यात काही खोट नव्हती. मी आत जायचो आणि तासाभरात परत यायचो, चकचकीत घासलेला, आत उंची दुकानाच्या वेष्टनातली मिठाई.

"अहो, बघा तरी!" युनोक आनंदानं ओरडायची. "केवढी माया करतात ही माणसं!" आणि पुढच्या वेळी दुप्पट भरायची.

आता मी त्या स्वयंपाकघरांत काय ऐकलं ते सांगतो. होरिगोमेंच्या घरी मला ओट्यावर ठेवलं की दोघं नवराबायको माझ्याकडं असं बघत, जणू मी पोलीस आहे.

"पुन्हा आला?" होरिगोमे.

"आला. आणि या खेपेला जास्त आहे. मागच्या वेळी केक दिला होता, आता त्याच्यावरचं काहीतरी द्यायला हवं. गाडी काढा, शहरात जाऊन येऊ."

"अगं, पण आज मॅच आहे."

"मग तुम्ही जाऊन सांगा त्यांना, की मॅच आहे म्हणून डबा रिकामा आणलाय!"

त्यांनी निमूट गाडी काढली. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, आणि घेतलेलं अंगावर ठेवायचं नाही, ही त्या गल्लीची रीत. एका शनिवारी तर मी खरबूज घेऊन परत आलो. अख्खं खरबूज! झाकण बसेना म्हणून हातात वेगळं धरलं होतं. युनोकच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण निराळ्या कारणानं.

हळूहळू शनिवारी तिची पावलं वाजली की घराघरांतले टीव्ही गप्प होऊ लागले. घंटा वाजवली तरी कुणी येईना. युनोकला वाटायचं, सगळे कामावर असतील. मला ठाऊक होतं, पडद्यामागं श्वास रोखून उभे आहेत. पण सांगणार कसं? तोंड एवढं मोठं असून मला बोलता येत नव्हतं.

तिसऱ्या वर्षाचा मार्च आला. युनोक एकभुक्त राहू लागली. त्यातल्याच एका दिवशी तिनं मला कुसाकाबाईंकडं दिलं, आणि मी परत आलोच नाही.

एक दिवस गेला, आठवडा गेला, अठरा दिवस गेले. कुसाकाबाईंना ताप भरला होता. पहिले दोन दिवस कुणाला कळवलंही नाही. पेज करायच्या आणि माझ्यातलं लोणचं तोंडी लावायच्या. "मेलं तिखटच आहे," म्हणायच्या आणि आणखी घ्यायच्या. मी पार रिकामा झाल्यावर त्यांनी मला घासलं, पुसलं, दाराजवळ ठेवलं. मग आत बघितलं. परत ओट्यावर ठेवलं. घरात द्यायजोगं काही नव्हतं आणि पायांत बाजारात जायचं बळ नव्हतं. तीनदा मी दारापर्यंत गेलो, तीनदा परत आलो. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्यात मूठभर तांदूळ घातले, बघितले आणि लाजून काढून घेतले.

ईस्टरच्या आदल्या दिवशी युनोक स्वतःच मागच्या दारी आली. चेहरा उतरलेला.

"कुसाकाबाई, माझा डबा असेल तर... आईचा आहे हो. आम्ही सोमवारी निघतोय. कायमचे."

कुसाकाबाई मला पोटाशी धरून उभ्या राहिल्या. "रिकामा आहे."

"मला रिकामाच हवाय."

"रिकामा मी देणार नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांत कुणाचं भांडं रिकामं दिलं नाही." मग एकदम भडकल्या. "आणि का निघालात? कुणी येत नाही म्हणून? कसं येईल? तुझ्या या डब्यानं अख्ख्या गल्लीला पळता भुई थोडी केलीय! तू देतेस, आम्ही फेडतो. तू आणखी देतेस. ती होरिगोमेबाई तुझी चाहूल लागली की दिवा मालवून न्हाणीघरात जाऊन बसते!"

युनोक जागच्या जागी खिळली. "म्हणजे ती मिठाई... ते खरबूज..."

"फेड होती, बाई, फेड. तीन वर्षं झाली. तू कधी कुणाकडं चिमूटभर मीठ मागितलंस? नुसतं देणाऱ्या माणसाच्या घरी जायचं तरी कुठल्या तोंडानं?"

युनोक निघून गेली. अर्ध्या तासानं पुन्हा दारात हजर. पळत आली असावी, चपला उलट्यासुलट्या होत्या.

"काय विसरलीस?"

"मागायला आलेय," ती धापा टाकत म्हणाली. "बायबलातल्या विहिरीवरच्या त्या बाईला आमच्या प्रभूनं, येशूनं, आधी काही दिलं नव्हतं. आधी पाणी मागितलं होतं. मी इतकी वर्षं हे वाचतेय आणि माझ्या लक्षातच आलं नाही! कुसाकाबाई, उद्या शेवटची उपासना आहे. मांडलेल्या सहा खुर्च्या रिकाम्या असतात. ते बोलायला उभे राहतात आणि रिकाम्या खुर्च्या बघून त्यांचा आवाज बसतो. मला एक माणूस हवंय. उसनं."

कुसाकाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"परत करशील ना?"

"साडेअकरापर्यंत," युनोक म्हणाली, आणि दोघी एकाच वेळी हसल्या.

रविवारी सकाळी मी कुसाकाबाईंच्या काखेत होतो. त्यांनी ठेवणीतला करड्या रंगाचा किमोनो नेसला होता. वाटेत होरिगोमे झाडत होते. "कुसाकाबाई, सणाचं नटून कुठं निघालात? आणि डब्यात काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"रिकामा आहे!" त्या मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. होरिगोमेंच्या हातातला झाडू खाली पडला.

पाळक बोलायला उभे राहिले होते. दार सरकलं. कुसाकाबाई आत आल्या, मांडलेल्या सहा खुर्च्या सोडून नवऱ्याच्या त्या जुन्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि मला मांडीवर घेतलं. झाकण उघडून युनोकला दाखवलं. "संपलं. आणखी असेल तर घाल. कमी तिखट." युनोक रडत होती की हसत होती, मला खालून नीट दिसलं नाही. पाळकांचा आवाज मात्र त्या दिवशी शेवटपर्यंत बसला नाही. येशूच्या थडग्यावरची धोंड बाजूला सरली आणि आत कुणीच नव्हतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा कुसाकाबाई पुढं झुकल्या. "रिकामं होतं?"

"रिकामं," पाळक म्हणाले.

"आणि ती आनंदाची गोष्ट?"

"सगळ्यात आनंदाची. तो जिवंत उठला होता."

कुसाकाबाईंनी माझ्या आत बघितलं.

उपासना संपल्यावर पाळक बुसानला पत्र लिहायला बसले आणि अडले. फार प्रामाणिक माणूस. "अगं, एक आली असं लिहू का? पण ती तर उसनी आणलेली. धरायची का?"

कुसाकाबाई अजून खुर्चीतच होत्या. "साडेअकरा कधीच होऊन गेले, पाळकबुवा. मला घरी पोचवा असं मी म्हटलं का?"

पाळकांनी लिहिलं, एक.

त्याला आता दोन वर्षं झाली. बुसानच्या मंडळीनं आणखी मुदत दिली. सहा खुर्च्यांतल्या चार भरतात. होरिगोमेबाई येते, नवरा दाराशी थांबतो, म्हणतो मी नुसता खांब पुसतोय. कुसाकाबाईंना विश्वासाबद्दल विचारलं तर म्हणतात, "घाई करू नका, मी अजून ऐकतेय." पण पहाटे पाचला मागच्या दारी दिवा लागलेला मी पाहिलाय.

माझं म्हणाल तर काठाला आणखी एक टवका उडालाय, आणि मी नक्की कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही. बुसानच्या चढावर होतो तसाच.

जाता जाता एक विनवणी. तुमच्याही फळीवर शेजारणीचा एखादा डबा पडून असेल, काय घालून द्यावं या विचारात. आजच उचला आणि तसाच, रिकामा, घेऊन जा. दारात उभं राहून म्हणा, "संपलं गं, आणखी आहे का?"

बघा, ती बाजूला होऊन तुम्हाला आत घेते की नाही. बरं, युनोक येतेय, हाताला तिखट लागलंय. आता माझं झाकण बसणार.