बोट घालायचं नाही

धाड गावात सरकारी दवाखाना झाला आणि बेबीताई नर्स आली, तेव्हा बायकांना वाटलं, ही पोरगी सुया टोचायलाच आलीय. पण एका बाजाराच्या दिवशी तिनं शाळेच्या ओट्यावर बायका जमवल्या, चिंध्यांची बाहुली काढली आणि तान्ह्या लेकराच्या घशात काही अडकलं तर काय करायचं, ते दाखवू लागली.

शालूबाई सगळ्यांत मागं बसली होती. तिचा पहिला मुलगा किसना बोरन्हाणाच्या दिवशीच गेला. डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतले, पोरांनी लुटले, आणि त्या गडबडीत किसनानं एक गावठी बोर तोंडात घातलं. सासूनं, गोजरबाईनं, लगेच त्याच्या घशात बोट घातलं. गावात सगळे तेच करत, त्यात तिचं काय चुकलं? आता घरात नवी लेक होती आणि शालूबाई शेतात गेली की ती गोजरबाईच्याच मांडीवर असायची.

"हातावर पालथं घ्या, डोकं खाली," बेबीताई सांगत होती. "दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहातानं जोरात थापा. नाही निघालं तर उताणं करा अन् छातीच्या मधल्या हाडावर दोन बोटांनी दाबा. वस्तू डोळ्यांना दिसली तरच काढा. न दिसता बोट घालायचं नाही. ती आणखी खाली जाते."

शालूबाईला किसनाच्या घशातलं ते बोट आठवलं. रडूही येईना.

घरी जाताना ती सासूचाच विचार करत होती. "म्या लय केलं, पन देवाच्या मनात नव्हतं," असं गोजरबाई घरोघर सांगायची. तेवढ्याच आधारावर म्हातारी उभी होती. सांगावं तर तो आधार जातो, न सांगावं तर उद्या लेकीच्या घशात तेच बोट जाईल. इकडे आड तिकडे विहीर, आणि यावरचा उपाय काही बेबीताईनं शिकवला नव्हता.

"काय शिकवलं व नर्सबाईनं?" गोजरबाईनं विचारलं. "मले बी दाखव. पोरगी तं माह्याच जवळ राह्यते."

शालूबाईनं उशी घेऊन दाखवलं. पालथं धरणं, थापा, छातीवर दाबणं. म्हातारीनं मन लावून तसंच केलं. मग म्हणाली, "अन् बोट कवा घालाचं?"

शालूबाईनं लेकीकडे पाहिलं.

"बोट नाही घालाचं, आत्याबाई. दिसलं नाही तं आतच जाते ते."

गोजरबाईच्या हातातली उशी तशीच राहिली.

"म्हंजे किसनाले म्याच..."

"नाही," शालूबाई घाईनं म्हणाली. आयुष्यात ती सासूशी पहिल्यांदाच खोटं बोलली. "तुमी बोट घातलं तवा त्याचा जीव गेलाच होता. म्या पाह्यलं ना."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. तिला सुनेची माया कळली, आणि म्हणूनच तिला ती सोसवेना.

"नाही व पोरी," ती म्हणाली. "तो माह्या बोटाले चावला होता."