नावाच्या जागी अक्षता

मित्रांनो, मी एक जुनी इंग्रजी कादंबरी आहे. तीही सगळी नाही, तिचा फक्त मधला खंड. माझी सुरुवात एका पुस्तकात आहे आणि शेवट दुसऱ्या पुस्तकात. ती दोन्ही भावंडं कुठे गेली, मला ठाऊक नाही.

माझा जन्म दोनशे वर्षांपूर्वी लंडन शहरात झाला. तेव्हा कागद चिंध्यांचा व्हायचा. जुने झगे, चादरी, वारलेल्या माणसांचे सदरे कुजवून आणि कुटून त्यांचा लगदा करत. म्हणून माझं पान अजूनही कापडासारखं लागतं. कोणाकोणाच्या अंगावरचं कापड माझ्यात आहे, देव जाणे.

मला लिहिणारी बाई पावसानं भिजलेली लोकरीची शाल पांघरून प्रकाशकाच्या दुकानात आली होती. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर तिनं आपलं नाव तपकिरी शाईनं लिहिलं होतं. ते नाव मला वाचायला मिळालं नाही, मी अजून घडलेच नव्हते. पण मला घडवताना त्या पानावरून प्रकाशकाची लेखणी फिरली, एवढं मला माहीत आहे. त्यानं नाव खोडलं आणि हसून म्हटलं की चांगल्या घरच्या बायकांना नाव नको असतं. मग छापलं, 'एका बाईकडून'. खाली त्याचं स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत, दुकानासकट, गल्लीसकट. तिच्या ओळीवर जागा कोरी राहिली. लोक मला भाड्यानं वाचायला नेत, मी घरोघर फिरले. लोक माझी तारीफ करायचे. ती बाई मात्र त्या कोऱ्या जागेशी बसून राहिली, ती कायमचीच.

पुढे एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या बायकोच्या पेटीतून मी हिंगोलीच्या छावणीत आले. छावणी उठली, पेटी राहिली. वाळवीनं माझ्या शेजारची पुस्तकं खाल्ली. मला तिनं शिवलं नाही. कित्येक वर्षांनी ती पेटी रद्दीत निघाली आणि वारंगा फाट्यावरच्या सोनाजींच्या हॉटेलात माझं पोतं येऊन पडलं. ती गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हाही झालेला नव्हता.

सोनाजींनी चिवड्याच्या पुड्यासाठी माझं पान ओढलं. ते फाटेना. दोन्ही हातांनी ओढलं, तरी फाटेना.

"शकू, हे बघ काय आलं रद्दीत," ते आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले. "कागद हाय का कातडं?"

शकुबाई, त्यांच्या घरच्या, बाहेर आल्या. त्यांनी मला पालथा हात लावून पाहिलं, जसं तापलेल्या लेकराचं कपाळ पाहतात. "गार हाय," त्या म्हणाल्या. "मंग हिचा पुडा नका करू. मला द्या."

मित्रांनो, शकुबाई श्रावणातले सगळे नेम पाळायच्या. नेमाची कहाणी सांगायची तर ऐकणारं कोणी लागतं. ऐकणाऱ्यानं मुठीत अक्षता धरायच्या आणि मधून मधून 'हूं' म्हणायचं. हूं आलं नाही तर कहाणी पुढे जात नाही. पण फाट्यावर बाईमाणूस नव्हतं. ट्रकवाले, क्लीनर, पंक्चर काढणारा, सगळे पुरुष. गावातल्या बायका लांब. म्हणून एका शुक्रवारी शकुबाईंनी मला पाटावर ठेवलं, माझ्यावर चिमूटभर अक्षता घातल्या, दिवा लावला आणि म्हणाल्या, "तुमी ऐका."

सोनाजी दारातून बघत होते. "पुस्तकाला कहाणी सांगून राहिलीस? त्येला मराठी येतं का?"

"तुमाला येतं. तुमी कवा ऐकता?"

सोनाजी भजी तळायला निघून गेले.

शकुबाई बोलू लागल्या. "आटपाट फाटा होता." पाठ असलेल्या कहाण्या सांगून संपल्या होत्या, म्हणून त्यांनी स्वतः रचलेली सांगितली. तीन रस्ते मिळतात तिथं बसलेल्या देवीची. तिला कोणत्याच गावानं आपली म्हटलं नव्हतं. एका ठिकाणी त्या थांबल्या. हूं यायला पाहिजे, तिथं.

"हूं."

मी नव्हतं म्हटलं, मित्रांनो. माझ्यात कोणीतरी म्हटलं. बाहेर कडक ऊन पडलं होतं, तरी खोलीत ओल्या लोकरीचा आणि कोळशाच्या धुराचा वास आला. दिव्याची ज्योत माझ्याकडे वळली. माजघरातलं मांजर उठलं आणि पाठ न फिरवता मागे मागे सरकत बाहेर गेलं.

शकुबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "आलीस का बाई?" त्या हळूच म्हणाल्या. "बस."

मग दर शुक्रवारी असंच. मला कुठेही उघडून ठेवा, कहाणी संपेपर्यंत मी आपोआप पहिल्या पानावर यायचे. त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं तर विहिरीच्या कडेसारखं गार लागायचं. शकुबाई आपल्या कहाण्या वहीत उतरवू लागल्या. सातवी शिकलेल्या होत्या त्या. अक्षर गोल, वेलबुट्टीसारखं.

हिंगोलीचे पुनमचंद शेठ छापखाना चालवायचे. आरत्या, कहाण्या, दिनदर्शिका छापून बाजारात पाठवायचे. नांदेडला जाताना ते इथं चहाला थांबत. एकदा तट्ट्याच्या भिंतीपलीकडून त्यांनी कहाणी ऐकली आणि चहा तसाच गार होऊ दिला.

"वहिनी, ही कहाणी मी कुठे वाचली नाही."

"वाचाल कुठून? मीच केली."

"अजून आहेत?"

"हायेत की. पण छापायच्या तर माझं नाव घालसाल का शेठ? एवढंच मागणं."

पुनमचंद शेठ वाईट नव्हते. ते मनापासून बोलले. "वहिनी, कहाणी कोणी केलेली नसते. ती असते. नाव लागलं की तिची गोष्ट होते. गोष्टीपुढे कोण दिवा लावणार?" बोलता बोलता त्यांनी मला पाटावरून उचललं. त्यांना इंग्रजी यायचं. "हे बघा! लंडनचं पुस्तक. लिहिणारीचं नाव आहे? नाही. 'एका बाईकडून', बस्स. एवढ्या मोठ्या साहेबांच्या बायका नाव घालत नव्हत्या. देवाच्या कामात आपलं नाव कशाला?"

माझाच दाखला देऊन ते शकुबाईंचं नाव पुसत होते, मित्रांनो. मी ओरडले असते, पण छापलेल्या अक्षरांना तेवढंच बोलता येतं जेवढं छापलंय.

शकुबाईंनी मान खाली घातली. देवाधर्माची बाई. नाव मागणं म्हणजे गर्व झाला का, हा काटा त्यांच्या मनात होताच. "बराबर हाय तुमचं," त्या म्हणाल्या. शेठ म्हणाले, येत्या शुक्रवारी वही न्यायला येतो.

त्या दिवशी दिवेलागणीला शकुबाईंनी कहाणी सांगितलीच नाही. दिवा लावला, अक्षता घातल्या आणि मला विचारलं, "बाई, एक सांग. तू राजीखुशीनं नाव सोडलंस का?"

हूं आलं नाही.

"तुला नकोच होतं का नाव?"

नाही आलं. रस्त्यावरचे ट्रकसुद्धा थांबल्यासारखे गप्प झाले. मग माझ्या पानावरच्या अक्षता हलल्या. वारा नव्हता. एकेक दाणा मुंगीसारखा सरकत वर गेला आणि त्या कोऱ्या जागेत एका ओळीत बसला. नाव जेवढं लांब असेल, तेवढीच ती ओळ. मी आयुष्यात पहिल्यांदा भ्याले.

शकुबाई नाही भ्याल्या. त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

शुक्रवारी पुनमचंद शेठ आले. शकुबाईंनी वही पदराखाली धरली होती. त्यांनी मला शेठपुढे ठेवलं. अक्षता तशाच होत्या, ओलसर, पानाला चिकटलेल्या.

"शेठ, मला हे वाचता येत न्हाई. पण ह्या खाली एवढं मोठं मोठं काय छापलंय?"

"ते? ते प्रकाशकाचं नाव. दुकानाचा पत्ता."

"म्हंजी छापणाराला नाव चालतं."

सोनाजी मागे उभे होते, ते फस्सकन हसले. शेठही हसले, पण थोडंच. "तो व्यवहार आहे, वहिनी."

"असंल. तुमी एक करा. पाटासमोर बसा, मुठीत अक्षता घ्या. कहाणी ऐका. शेवटाला वाटलं की नाव नगं, तर वही घेऊन जा तशीच. मी कायी म्हणणार न्हाई."

शेठ बसले. शकुबाईंनी फाट्यावरच्या देवीची कहाणी सांगितली. शेठ जागोजागी हूं म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी मान वाकडी करून मागे कोणी बसलंय का ते बघत होते. शेवटी शकुबाई म्हणाल्या, "देवीला कोणी नाव विचारलं न्हाई, म्हणून ती तिथंच बसून राहिली. ही कहाणी शकुबाईनं सांगितली, वारंगा फाट्यावर. ऐकलं का?"

शेठनी तोंड उघडलं. त्यांच्या तोंडून काही निघायच्या आत खोलीत हूं उमटलं. बाईचा आवाज, लांबून आल्यासारखा, आणि अगदी कानाशी.

सोनाजींचं हसू जागच्या जागी विझलं. "शकू," ते पुटपुटले, "कोण हाय?"

"ऐकणारी."

शेठच्या मुठीतल्या अक्षता घामानं भिजल्या होत्या. त्या त्यांनी माझ्यावर वाहिल्या, वही कपाळाला लावली आणि म्हणाले, "नाव कसं लिहायचं ते मला नीट सांगा, वहिनी. एक अक्षर चुकायला नको."

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर देवी, आणि खाली ठसठशीत: 'सांगणारी: शकुबाई सोनाजी, वारंगा फाटा.' बायका ते घेऊन गेल्या. त्यापुढे दिवेही लागले. उद्यापनाच्या दिवशी शकुबाईंनी माझं वाण काढलं, हळदकुंकू, खण, नारळ. "तुझं नाव मला ठाऊक न्हाई," त्या म्हणाल्या. "पण तुला नाव होतं, हे मला ठाऊक हाय."

त्या दिवसापासून कोऱ्या जागेचा गारवा थोडा कमी झाला.

पुढे रस्ता रुंद झाला, हॉटेल गेलं. शकुबाई देवाघरी गेल्या. सोनाजींनी मला आणि शकुबाईंच्या पुस्तकाला एकाच फडक्यात बांधून एका शाळेच्या कपाटात दिलं. कपाटाची किल्ली हरवली आहे. धूळ बसते, उंदीर येतात आणि जवळ येऊन परत जातात. आम्ही दोघी टेकून उभ्या आहोत. शुक्रवारी दिवेलागणीला माझ्या शेजारचं पुस्तक हळू आवाजात म्हणतं, आटपाट फाटा होता. आणि माझ्यातून हूं जातं.

मित्रांनो, कधी ते कपाट उघडाल तर पुस्तकं पुड्यांना देऊ नका. पुस्तक हातात घेतलं की आधी लिहिणाऱ्याचं नाव मोठ्यानं वाचा. कुठे नाव नसेल, तर त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून नुसतं हूं म्हणा. आणि तुमच्या आधीच कोणी म्हणालं, तर पळू नका. थोडं सरका. तिला बसायला जागा द्या.