रामीच्या नाकातला मणी

"डोकं घट्ट धर बाई, हलली तं अजून आत जाईन," सुग्राबी नर्स म्हणाली.

सोनीबाईने हात लांबवून रामीचं डोकं धरलं आणि सवयीने तोंड फिरवलं. दारव्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टोकाला वाकवलेली सळई पोरीच्या डाव्या नाकपुडीत घातली. रामी किंचाळली. रक्त आलं, घाण आली, आणि मागोमाग एक पांढुरका खडा ताटलीत पडला.

बंजाऱ्यांच्या तांड्यात या पोरीजवळ कोणी बसत नसे. नाकाला असा वास, की जेवायला तिला गोठ्याकडे बसवत. रामी रांगत होती तेव्हा तिची आई सुखीबाई तापाने गेली. घर चालावं म्हणून तिच्या बापाने, धावजीने, धाकटी मेहुणी लग्न करून आणली, तीच ही सोनीबाई. वास त्यानंतरचा. भगत म्हणाला, सुखी रागावली आहे, बहिणीला पोरीजवळ येऊ देत नाही. सगळ्यांना पटलं, सोनीबाईला सगळ्यात आधी. तिने कोंबडं दिलं, सणासुदीला बहिणीची माफी मागितली. भुताला का कोणी दवाखान्यात नेतं! यंदा, एकोणीसशे एकोणसाठ सालात, नाकातून रक्त थांबेना, तेव्हा आणलं, आणि भुताचंही नर्सला सांगितलं.

सुग्राबीने खडा धुतला, वरचं कवच फोडलं. आतून हिरवा काचमणी निघाला.

"हा कायचा वं?" तिने विचारलं.

"माह्या बहिणीच्या काचळीचा. तिच्या चोळीले असेच मणी होते. पोरीनं तिच्या मांडीवर खेळतानी नाकात घातला असंन."

सोनीबाईने पदर डोळ्यांना लावला.

"मंग रडतं काहून? भूतबित काही नोहतं. खूश हो!"

"म्हंजे सुखी नोहतीच?"

सुग्राबीला त्यातलं दुःख कळलं नाही. ती पुढच्या रोग्याकडे वळली.

बहीण रागावली नव्हती, याचा सोनीबाईला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. रागावलेली का होईना, बहीण घरात होती. आता तीही गेली, आणि पोरीला इतकी वर्षं दूर कोणी ठेवलं, याचं उत्तर द्यायचं तिच्या एकटीवरच आलं.

परतताना बैलगाडीत रामी सारखी हुंगत होती. कडबा, बैल, बाजारातला लसूण. मग सरकत येऊन तिने सोनीबाईच्या खांद्याला नाक लावलं.

"मावशी, तुह्या अंगाले धुराचा वास येते."

"चुलीचा असंन."

"चांगला हाय."

रामी तशीच टेकून झोपली. तिला जवळ घ्यावं असं सोनीबाईला फार वाटलं. तिने हात उचलला; पण पोरीच्या अंगावर तो कुठे ठेवतात, हे तिला ठाऊक नव्हतं.