क्षेत्र किती?

बाबांची हयात जमिनी मोजण्यात गेली. त्यामुळे माझ्या प्रयोगशाळेत पाऊल टाकल्याटाकल्या त्यांनी विचारलं, "क्षेत्र किती?"

"बाबा, हे विद्युत क्षेत्र आहे. यावर नांगर नाही चालत."

"नसेना का चालत. मोजतेस ना? मग किती?"

त्यांच्या घोट्यावरची जखम वर्षभर भरत नव्हती. सोमवारी डॉक्टरीणबाई तिच्यावर आमची प्लाझ्माची, म्हणजे वीज सोडलेल्या वायूची, थंड ज्योत धरणार होत्या. बाबा पहिलेच पेशंट. ज्योतीतलं क्षेत्र मर्यादेपलीकडे गेलं, तर जखमेभोवतीची धड कातडीही भाजली असती. म्हणून ते मोजायचं काम माझ्याकडे होतं. आकडा मी कालच कळवला होता, मर्यादेच्या निम्म्याहून कमी. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

त्यांच्या नाकावर जाडजूड चष्मा चढवून मी सगळं चालू करून दाखवलं. बारीक नळीतून हेलियम येतो, तोंडाशी जांभळट ज्योत होते. तिच्यातून आडवा लेझर जातो. तो डोळ्यांना दिसत नाही. पण क्षेत्रातून जाताना त्यातला अगदी इवलासा प्रकाश हिरवा होतो. क्षेत्र जास्त, तर हिरवा जास्त.

"एवढा हिरवा म्हणजे एवढं क्षेत्र, हे ठरवलं कोणी?"

"मीच. धातूच्या या दोन पट्ट्यांमध्ये माहितीतलं क्षेत्र ठेवलं आणि किती हिरवा येतो ते पाहिलं. तेच प्रमाण ज्योतीला लावलं."

मी यंत्र बंद केलं, तसा त्यांनी खिशातून टेप काढला. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी टेप काही सुटत नाही. मला हसू आवरेना.

"पट्टी पंधरा मिलिमीटर. नळीचं तोंड, म्हणजे ज्योतही, जेमतेम तीन." ते वाकूनच बोलत होते. "हिरवा वाटेत साठत जातो का गं?"

"हो, जितकी वाट लांब..."

ज्योतीतून हिरवा कमी आला, तो क्षेत्र कमी म्हणून नव्हे, वाट आखूड म्हणून! लांबी धरायलाच मी विसरले होते. घाईघाईनं हिशेब केला. खरं क्षेत्र सुमारे पाचपट निघालं. मर्यादा केव्हाच मागे पडली होती.

"बाबा, मी तुमचा पाय भाजला असता." मला रडूच कोसळलं.

"भाजला नाहीस ना अजून? फोन लाव."

"परत मोजायला महिना जाईल."

"जाऊ दे. चुकीच्या मोजणीवर मी कधी सही केली नाही, पाय कसा देऊ?"

मी फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं झालं वेळेत कळलं," त्या म्हणाल्या. "लक्षात कोणाच्या आलं? तुमच्या सरांच्या?"

"नाही," मी डोळे पुसत म्हटलं, "पेशंटच्या."