आत्म्याच्या पोटातली शिवण

दुपारचे तीन वाजले होते, तरी वाचनालयाच्या सभागृहात डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार होता. खिडक्यांना जाड काळे पडदे, दाराच्या फटीतसुद्धा चिंध्या कोंबलेल्या. त्या अंधारात सव्वाशे माणसं डोळे मिटून, श्वास रोखून बसली होती.

"डोळे घट्ट मिटा!" उजेडमहाराज खर्जात म्हणाले. "आत्मा म्हणजे काय? मऊ प्रकाश! परदेशातल्या शास्त्रज्ञांनी माझे पाय धरलेत, म्हणाले, महाराज, आमची यंत्रं हरली! पण एकाने जरी पापणी हलवली तरी आत्मा आल्या पावली परत जाईल!"

लख्ख फ्लॅश उडाला. मग अर्ध्या मिनिटाची शांतता. मग कॅमेऱ्याचं शटर बंद झाल्याची 'खट्'. थोड्या वेळाने छापील फोटो आला. खुर्चीत बसलेल्या काकू अगदी स्पष्ट, आणि त्यांच्या मागे दुधाळ उजेडाची एक आकृती. चौदा वर्षांच्या मुलीएवढी.

"आली हो! माझी छकुली आली!" काकूंनी हंबरडा फोडला. अख्खं सभागृह त्यांच्याबरोबर रडलं.

काकूंच्या नवऱ्याने, म्हणजे फोटोकाकांनी, तो फोटो हातात घेतला तेव्हा आधी त्यांच्यातला बाप रडला. पोर चार दिवसांच्या तापात गेली होती, त्याला वर्षही झालं नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि फोटो पुन्हा पाहिला. आता त्यांच्यातला फोटोग्राफर पाहत होता, चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलेला.

अंधारात शटर उघडं ठेवून बॅटरी फिरवली की उजेडाने चित्र काढता येतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण उघडी बॅटरी फोटोत पांढरे, जळके पट्टे उमटवते. उजेड असा सायीसारखा हवा, तर बॅटरीवर कापड चढवावं लागतं आणि हात एका लयीत फिरता ठेवावा लागतो. हात क्षणभर अडखळला, की तिथे पांढरा डाग पडलाच. महाराजांच्या फोटोत एकही डाग नव्हता. आत्म्याला एवढा सराव कशाला लागतो?

त्यांनी शेजारच्या नर्सबाईंच्या वडिलांचा फोटो मागून आणला, शिंप्याच्या तान्ह्या बाळाचा आणला, आणि तिन्ही फोटो भिंगाखाली धरले. तिन्ही आत्म्यांच्या पोटातून एक बारीक काळसर आडवी रेघ गेली होती. अशी रेघ कापडाच्या शिवणीची पडते. एखाद्या पांढऱ्या मोज्याच्या, पायाच्या बोटांपाशी असते तशा शिवणीची.

"अगं, तिन्ही आत्मे एकाच मोज्यातून आलेत," ते बायकोला म्हणाले.

काकूंनी फोटो हिसकावून घेतला. "तुम्हाला उजेडाशिवाय काही कळतच नाही! ती शेवटचं पाणी मागत होती तेव्हाही तुम्ही स्टुडिओतच होतात."

खरंच होतं ते.

पण तेवढ्यावर सोडून भागणार नव्हतं. फोटोगणिक ती आकृती जवळ सरकत होती. तिसऱ्या फोटोत तिचा हात काकूंच्या खांद्यावर आला. "चौथ्यात मिठी मारील," महाराज म्हणाले होते, "पण अंगाभोवतीचं तेज निर्मळ हवं. औषधांनी ते काळवंडतं." काकूंनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. चक्कर येऊन दोनदा पडल्या. डॉक्टर ओरडले, तर म्हणाल्या, "मला लेकीकडेच जायचंय, तुम्ही कोण अडवणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी स्टुडिओत अंधार केला. आपलाच एक मोजा बॅटरीवर चढवला, बायकोला खुर्चीत बसवून मागे उजेडाची मुलगी काढली आणि फोटो छापून तिच्या हातात ठेवला. आता हिची खात्री पटेल, असं त्यांना वाटलं.

काकूंनी फोटो कितीतरी वेळ पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "यात ती हसतेय."

काकांनी मोजा तिच्यापुढे धरला. "अगं, हे मी काढलंय! माझ्या मोज्याने!"

"तुमच्या हातून आली ती. तुमच्यावर रागावली नाहीये."

त्यांना क्षणभर वाटलं, असू दे. कशाला मोडायचं? पण टेबलावरच्या गोळ्यांच्या पाकिटाला पंधरा दिवस हात लागला नव्हता. त्यांनी बॅटरी बायकोच्या हातात दिली. "आता तूच काढ. पण डोळे उघडे ठेवून. मी दिवा बंद करतो, तू तिला काढ."

काकू अंधारात बॅटरी घेऊन उभ्या राहिल्या. मुलीचं डोकं कुठवर यायचं हे हाताला सांगावं लागलं नाही. डोकं, कान, खांदे. मग हात पाठीमागे वळला आणि तीन पेडांची वेणी घालावी तसा डावीउजवीकडे होत खाली उतरला. अगदी शेवटी थबकला.

फोटो आला. मुलगी होती, वेणीसकट. वेणीच्या टोकाशी एक पांढरा जळका ठिपका होता.

"इथे असं का झालं?"

"तिथे तुझा हात थांबला."

"रिबीन बांधायला थांबला असेल," काकू म्हणाल्या आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी महाराजांनी काढलेले मुलीचे तिन्ही फोटो पुढ्यात मांडले. "अहो, यांत वेणीच नाहीये. वेणी घातल्याशिवाय मी तिला कधी उंबऱ्याबाहेर पाठवलं नाही. हे... हे कोणाचंही आहे."

त्या दिवशी काकू संध्याकाळपर्यंत रडल्या. मुलगी गेली तेव्हासुद्धा इतक्या रडल्या नव्हत्या. काका शेजारी बसून राहिले, या वेळी कुठेही न जाता. दिवेलागणीला त्यांनी गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला. काकूंनी गोळी घेतली.

रविवारी चौथी बैठक होती. काका खिडकीपाशी जाऊन बसले. काकू खुर्चीत. "डोळे मिटा!" महाराज गरजले. फ्लॅश उडाला. काकूंनी डोळे उघडले. मागे कपड्यांची हलकी सळसळ झाली, खांद्यावर फिकट उजेड आला, आणि काकूंनी मागे हात टाकून एक मनगट पकडलं.

"अहो, पडदा ओढा!"

काकांनी पडदा खसकन ओढला. दुपारचं ऊन आत शिरलं. सव्वाशे माणसांनी डोळे उघडले तर समोर महाराजांची, दारात फॉर्म भरून घेणारी सेविका, डोक्यापासून पायांपर्यंत काळ्या कपड्यांत, हातात पांढरा मोजा चढवलेली बॅटरी.

"मला फक्त दिवा फिरवायला सांगतात हो," ती रडकुंडीला आली.

महाराज लाल झाले. "आत्मा हिच्या देहातून प्रकट होत होता! तुम्ही अनर्थ केलात!"

"मोज्यातून का प्रकट होतो?" शिंपी उठून म्हणाला. "आणि फॉर्ममध्ये मेलेल्याची उंची कशाला विचारता? मी कपडे शिवतो म्हणून मापं घेतो. तुम्ही काय शिवता?"

काकांनी सगळं समजावून सांगितलं. शटर अर्धा मिनिट उघडं असतं. फ्लॅशमुळे खुर्चीतलं माणूस उमटतं. काळ्या कपड्यातली बाई अंधारात उमटत नाही, तिच्या हातातला उजेड तेवढा उमटतो. मोज्यामुळे तो मऊ दिसतो. ते बोलत असतानाच महाराजांनी मागच्या दाराने पोबारा केला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं आपापले फोटो हातात धरून बसली होती, कोणी पोटाशी, कोणी उलटे.

मागच्या रांगेतले निवृत्त पोस्टमास्तर पुढे आले. "काय मिळवलंत वहिनी? माझी बायको दर रविवारी यायची."

काकू त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. "मीही यांना असंच बोलले होते, भाऊ. पण त्या येत नव्हत्या. महाराजांच्या फॉर्मवर त्यांची उंची आहे, बस्स. बाकी त्या सगळ्या तुमच्याजवळ आहेत." मग त्या सगळ्यांकडे वळल्या. "दुःखात माणूस कशालाही धरतो, त्यात लाज नाही. पण जो डोळे मिटा म्हणेल, त्याला आधी विचारा, का मिटू? जो औषध सोडा म्हणेल, त्याला घरात घेऊ नका. आणि चमत्कार दाखवला, तर म्हणा, भर उजेडात दाखव, आमच्या हातात देऊन दाखव. माझी मुलगी मेली आहे. हे मी आज पहिल्यांदा मोठ्याने म्हणतेय."

"मग," पोस्टमास्तरांनी विचारलं, "पुढच्या रविवारी मी काय करू?"

काकूंनी त्यांचा हात हातात घेतला, आणि त्या भर उन्हात दोघं रडत बसली.